नोरिल्स्कचं निकेल आणि बाहेरून आलेलं गंधक

निकेलच्या मोठ्या साठ्यांबद्दल बोलायचं तर सायबेरियातलं नोरिल्स्क घ्यावंच लागतं. तिथे तांबं आहे हे १९ व्या शतकातच सोत्निकोव नावाच्या व्यापारी घराण्याला माहीत होतं, पण नीट शोध सुरू झाला १९१९ नंतर, निकोलाय उर्वांत्सेव या जिऑलॉजिस्टमुळे. तो मुळात उत्तरेकडच्या जहाजांसाठी कोळसा शोधत होता आणि कोळशाशेजारीच तांबं-निकेल मिळालं. पुढे १९३५ मधे तिथे कैद्यांची छावणी उभी केली, खाणी आणि कारखाना त्यांच्याच श्रमातून झाले, आणि १९३८ मधे अटक झालेल्या उर्वांत्सेवलाही शेवटी तिथेच कैदी म्हणून पाठवलं. हे वाचताना आजही पोटात कालवतं. जवळच्या तालनाखचा प्रचंड साठा १९६० मधे सापडला.

आता हे सगळं तिथेच का जमलं? साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी सायबेरियन ट्रॅप्सचा, म्हणजे तिथे अफाट प्रदेशावर थरावर थर पसरलेला, लाव्हा आला तेव्हाचा हा साठा. मॅग्मात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, निकेल अगदी थोडं असतं, ते गोळा करायला गंधक लागतं. मॅग्मात विरघळू शकतं त्यापेक्षा गंधक जास्त झालं की सल्फाइडचे (गंधक आणि धातूंच्या संयुगाचे) थेंब वेगळे होतात, आमटीवर तेल वेगळं दिसतं तसे, फक्त हे थेंब जड म्हणून खाली बसतात, आणि निकेल, तांबं, प्लॅटिनम, पॅलेडियम सगळं आपल्यात ओढून घेतात. वरून नवा मॅग्मा वाहत राहिला तर त्याच थेंबांत अजून धातू जमा होतो.

पण एवढं गंधक मॅग्माचं स्वतःचं नव्हतं. वर येताना तो ॲनहायड्राइटच्या (जिप्समसारख्या, गंधक असलेल्या खनिजाच्या) जाड थरांतून आणि कोळसा असलेल्या गाळाच्या खडकांतून गेला. धातुकातल्या गंधकाचे आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) मोजले तर ते मॅन्टलमधल्या, म्हणजे कवचाखालच्या थरातल्या, गंधकापेक्षा स्पष्टपणे जड निघतात, म्हणजे बरंचसं गंधक पृथ्वीच्या कवचातून आलेलं. मला तरी या सगळ्यातला हाच पुरावा सगळ्यात भारी वाटतो.

आपल्याकडचे दख्खन ट्रॅप्स पण तसेच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, लाव्हाही अफाट. तरी नोरिल्स्कसारखा साठा इथे अजून सापडलेला नाही. महाराष्ट्रात ट्रॅपखाली बऱ्याच ठिकाणी जुने ग्रॅनाइट आणि नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) आहेत, त्यांच्यात गंधक फारसं नाही. त्यामुळे इथे निकेल शोधायचं तर नुसता बेसॉल्ट तपासून भागणार नाही, मॅग्मा वर येताना कुठल्या खडकांतून आला ते आधी बघायला हवं.