मानकुरादला थोडं थांबवता येईल का?

आंबा झाडावरून काढला तरी तो जिवंतच असतो. देठ तुटला की झाडाकडून मिळणारं पाणी आणि अन्न बंद, पण आतलं काम चालूच, हवेतला ऑक्सिजन घ्यायचा, साठवलेलं स्टार्च आणि साखर वापरायची, कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि उष्णता बाहेर टाकायची. त्यात आंबा, केळं, चिकू, पपई ही फळं पिकायला लागली की इथिलीन नावाचा वायू स्वतःच सोडतात आणि तो वायू पिकण्याला आणखी जोर देतो, म्हणून तर पेटीत एक पिकला की शेजारचे भराभर पिकतात.

मानकुराद या गोव्यातल्या आंब्याच्या जातीचं दुखणं इथेच आहे. २०२३ मध्ये जीआय टॅग (विशिष्ट भागातल्या मालाची अधिकृत ओळख) मिळाला, सीझनच्या सुरुवातीला म्हापशाच्या बाजारात डझनाचा भाव हजारांत असतो, आणि मे महिन्यात सगळीकडचा माल एकदम आला की तोच आंबा मिळेल त्या भावात काढावा लागतो कारण थांबायला वेळच नाही. फ्रीजमध्ये ठेवावा म्हटलं तर कच्चा आंबा साधारण १२-१३ अंशांच्या खाली फार दिवस राहिला की सालीवर राखाडी डाग येतात आणि बाहेर काढल्यावर तो धड पिकतही नाही, ना वास ना चव. म्हणून मला वाटतं खाता येणाऱ्या कोटिंगकडे, म्हणजे फळावर लावायच्या पातळ थराकडे, गोव्यातल्या बागायतदारांनी खरंच लक्ष द्यायला हवं.

कल्पना जुनी आहे, चीनमध्ये १२व्या-१३व्या शतकात संत्री-लिंबं मेण लावून लांब पाठवायचे. मानकुरादची साल हातात घेऊन उजेडात नीट बघा, बारीक बारीक फिकट ठिपके दिसतील. ती फळाची श्वासाची छिद्रं, त्यांतून आणि देठाच्या जागेतून हवा आत-बाहेर करते. कोटिंगचा पातळ थर ही छिद्रं थोडी झाकतो, आत ऑक्सिजन कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, इथिलीन कमी तयार होतं आणि फळ सावकाश पिकतं.

पण 'थोडी' हा शब्द महत्त्वाचा. थर जाड झाला आणि आतला ऑक्सिजन फारच खाली गेला (बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो) की फळ ऑक्सिजनशिवाय जगायचा प्रयत्न करतं, म्हणजे आतच अल्कोहोल तयार व्हायला लागतं. असा आंबा वरून छान हिरवा-पिवळा दिसतो आणि कापला की आंबूस वास येतो. प्रत्येक जातीची साल आणि श्वासाचा वेग वेगळा, त्यामुळे एका जातीसाठी बसवलेलं प्रमाण दुसऱ्या जातीला तसंच्या तसं चालत नाही, हापूसवर चाललं म्हणून मानकुरादवर चालेल असं धरून चालू नये, आधी थोड्या फळांवर करून बघायचं आणि कापून, चाखून मगच पुढे जायचं.

आता लावायचं काय? मेणासारखे पदार्थ पाणी छान अडवतात, म्हणून कोरड्या हवेत फळ सुरकुतू नये यासाठी ते उत्तम. पण आपल्याकडे मे महिन्यात हवाच इतकी दमट, की आंबा सुरकुतण्याआधी काळा पडतो. ते काळे डाग करपा रोगाचे, ही बुरशी मोहोरात किंवा कैरी लहान असतानाच शिरते, सालीखाली गप्प बसून राहते आणि फळ पिकून मऊ झालं की डोकं वर काढते. म्हणून माझ्या मते इथे जास्त उपयोगाचा पदार्थ कायटोसान.

तो कशापासून करतात? सुंगटं (कोळंबी) आणि कुर्ल्यांच्या (खेकड्यांच्या) कवचांपासून, जी आपल्याकडे मासळीच्या कारखान्यांतून ढिगाने निघतात. कवचातले क्षार आणि प्रथिनं काढून टाकली की कायटिन उरतं, त्यावर तीव्र अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान. ही पूड नुसत्या पाण्यात विरघळत नाही, त्यात थोडं अॅसेटिक अॅसिड घातलं (व्हिनेगरमधलं आंबट तेच) की हळूहळू दाटसर चिकट द्राव होतो. साधारण १-२ टक्क्यांच्या द्रावात फळ बुडवून सावलीत सुकवायचं. कायटोसानवर धन विद्युतभार असतो, तो बुरशीच्या पेशींच्या आवरणाला चिकटून ते आवरण बिघडवतो, त्यामुळे फळाचा श्वास मंदावणं आणि बुरशीला आवर घालणं ही दोन्ही कामं एकाच थरात होतात. मात्र बुरशी खोल शिरलेली असेल तर कोटिंग काही करू शकत नाही, आणि कोवळा उतरवलेला आंबा कोटिंगने गोड होत नाही. पाडाला आलेला, देठासकट अलगद काढलेला, न आपटलेला आंबाच घ्यायला हवा.

नियमांचंही बघायला हवं. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमांत ताज्या फळांवर मधमाशांचं मेण, कार्नोबा हे ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांचं मेण आणि लाखेचं मेण लावायला परवानगी आहे, पण तसं लेबलवर लिहावं लागतं. दुसरं काही वापरायचं तर विक्रीआधी परवानगीची खात्री करून घ्यावी. लाख किड्यापासून येते, कायटोसान बहुतेक वेळा कवचांपासून (आता मशरूमपासूनही करतात), त्यामुळे शाकाहारी माणसाला आणि सुंगटांची अॅलर्जी असलेल्याला हे आधी कळलंच पाहिजे. आंब्याची साल आपण काढून टाकतो, पण सफरचंद किंवा पेरू सालीसकट खाताना वर काय आहे हे विचारायचा हक्क गिऱ्हाईकाला आहे आणि दुकानदाराने ते सरळ सांगायला हवं.