आधी आर्मचं पत्र, मग टोपीचा तुरा
(नव्या लेफ्टनंटच्या घरच्यांसाठी आमच्या दुकानाचं माहितीपत्रक. कन्नड पत्रक काउंटरवर वेगळं ठेवलं आहे.)

नमस्कार. डेहराडूनच्या सेनेच्या अकादमीत जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये पासिंग आउट परेड असते. त्याआधी महिनाभर बेळगावच्या कॅम्पातल्या आमच्या दुकानात खानापूर, निपाणी, चिकोडी, येळ्ळूर, उचगावकडचे पालक येऊ लागतात. मुलाचं कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, ठरलेलं असतं, आनंद पोटात मावत नसतो आणि त्या भरात ऑर्डर दिली जाते. कुठला आर्म (सेनेतली शाखा) आणि कुठली रेजिमेंट मिळाली, हे सांगणारं पत्र येईपर्यंत थांबा, हे सांगायला हे पत्रक छापलं आहे.

दोन वर्षांपूर्वी असेच एक काका आले आणि मराठा लाइट इन्फंट्रीचा हिरवा-लाल तुरा, हिरवी बेरे टोपी, बॅज, सगळं मागून बसले. आम्ही विचारलं, पत्र आलं का? तर म्हणाले, "पत्र कशाला? पोरगा बेळगावचा, मराठा सेंटर घराच्या दारात. मराठाच मिळणार की!" आम्हीही ऑर्डर घेतली, चूक आमचीही होती. मुलाला मिळाला तोफखाना. तिथे टोपी गडद निळी आणि तुरा नाहीच. ते सामान अजून आमच्या कपाटात आहे.

काकांची समजूत आपल्या भागात घरोघरी आहे, आणि ती जवानांच्या भरतीवरून आली आहे. मराठा रेजिमेंटमध्ये जवान पूर्वापार महाराष्ट्रातून आणि बेळगावच्या पट्ट्यातून घेतले जातात. अधिकाऱ्याचं तसं नसतं. अधिकारी कुठल्याही गावचा, जातीचा, भाषेचा असो, त्याला कुठलीही रेजिमेंट मिळू शकते. खानापूरचा मुलगा शीख रेजिमेंटला जातो, गढवाल रायफल्सला जातो, आणि जिथे जाईल तिथल्या जवानांची बोली त्याला शिकावी लागते. उलट मराठा पलटणीत पंजाबचा किंवा केरळचा लेफ्टनंट येतो आणि 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही आरोळी शिकतो. आमच्या काउंटरवर असे कितीतरी आले. सहा महिन्यांत त्यांची मराठी आपल्या कॉन्व्हेंटच्या मुलांपेक्षा बरी होते, हे गमतीनं म्हणत नाही.

मग ठरतं कसं? प्रशिक्षणाच्या शेवटच्या टर्ममध्ये कॅडेट आपली पसंती क्रमानं लिहून देतो. त्यानंतर त्याचा गुणवत्ता क्रमांक, त्या बॅचसाठी कुठल्या आर्ममध्ये किती जागा आहेत आणि वैद्यकीय तंदुरुस्ती हे सगळं धरून वाटप होतं. हे काम सेना मुख्यालयाच्या मिलिटरी सेक्रेटरी शाखेचं. वडिलांच्या रेजिमेंटवर मुलाला हक्क सांगता येतो, त्याला पॅरेंटल क्लेम म्हणतात. मामा हवालदार होते, यावर तो हक्क बसत नाही. पुष्कळ घरांत यावरून रुसवेफुगवे होतात म्हणून स्पष्ट लिहिलं.

काहींचं मात्र आधीच ठरलेलं असतं. कायद्याची पदवी घेऊन जॅगच्या (सेनेच्या कायदा शाखेच्या) एंट्रीनं गेलेला जॅगमध्येच जातो. पुण्याच्या एएफएमसीतून (सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजातून) डॉक्टर झालेला मेडिकल कोअरमध्ये. इंजिनिअरिंगच्या एंट्रीतले बहुतेक इंजिनिअर्स, सिग्नल्स किंवा ईएमईकडे (यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेकडे) वळतात. हवाई दलात आणि नौदलात शाखेचा प्रश्न बराचसा अर्ज भरतानाच सुटतो, त्यामुळे सांबऱ्याच्या (हवाई दलाच्या तळाच्या) बाजूचे ग्राहक या बाबतीत निश्चिंत असतात.

'आर्म' आणि 'सर्व्हिस' या शब्दांवरूनही पालकांचे चेहरे पडलेले आम्ही पाहतो. इन्फंट्री (पायदळ), आर्मर्ड (रणगाडे), तोफखाना, इंजिनिअर्स, सिग्नल्स हे आर्म, म्हणजे लढणाऱ्या आणि लढाईला थेट हातभार लावणाऱ्या शाखा. एएससी (रेशन आणि वाहतूक), ऑर्डनन्स (साहित्य), ईएमई या सर्व्हिस, म्हणजे पुरवठा आणि दुरुस्ती करणाऱ्या शाखा. "म्हणजे रेशनवालाच ना?" असं एक वडील पोराच्या देखत म्हणाले. सियाचिनला रेशन पोचवणं काय असतं, हे ज्याला माहीत आहे तो असं म्हणणार नाही. हुद्दाही दोघांचा एकाच गतीनं वाढतो: 2 वर्षांनी कॅप्टन, 6 वर्षांनी मेजर, 13 वर्षांनी लेफ्टनंट कर्नल.

मुलींचे पालकही आता येतात. इन्फंट्री आणि रणगाडे त्यांना अजून खुले नाहीत. तोफखाना 2023 पासून खुला झाला, त्या वर्षी चेन्नईच्या अकादमीतून पहिल्या पाच जणी तिथे गेल्या.

आता कपड्यांचं. "दोन स्टार तर सगळ्यांनाच असतात, तेवढे तरी करून ठेवा," असं सांगतात. तेही नको. राजपुताना रायफल्स, गढवाल रायफल्ससारख्या रायफल रेजिमेंटचे स्टार आणि बटणं काळी असतात, इतरांची तशी नसतात. टोपीचा रंग आर्मनुसार बदलतो: रणगाड्यांची काळी, इन्फंट्रीची हिरवी, सिग्नल्सची आणि इंजिनिअर्सची निळी. मरून रंगाच्या टोपीची आगाऊ ऑर्डर आम्ही कुणाचीच घेत नाही. पॅराला (छत्रीधारी सैनिकांच्या रेजिमेंटला) मुलगा आपणहून जातो, प्रोबेशन पार करतो आणि मगच ती टोपी डोक्यावर येते. बापाच्या पैशानं ती मिळत नाही.

पत्राआधी शिवता येईल ते एवढंच: लाउंज सूट, पांढरे शर्ट, साध्या पॅन्ट. ब्लेझर शिवा, पण खिशावरचं बिरुद नंतर लावू. अकादमीतले मुख्य कपडे तिथेच शिवून मिळतात, त्यामुळे परेडसाठी घाबरून जाऊ नका. त्या दिवशी खांद्यावर स्टार आई-वडिलांनीच लावायचे असतात. तेवढी तारीख मोकळी ठेवा आणि गाडीचं रिझर्व्हेशन करा.

नव्या कॉम्बॅट गणवेशाचं, म्हणजे जानेवारी 2022 मध्ये आलेल्या डिजिटल छापाचं कापड आम्ही विकत नाही. त्या नक्षीचे हक्क सेनेकडे नोंदलेले आहेत. बाजारात कुणी तागा दाखवला तरी घेऊ नका.

घाई न करण्याचं आणखी एक कारण. कमिशननंतर थोड्याच काळात यंग ऑफिसर्स कोर्स असतो: इन्फंट्रीचा महूला, तोफखान्याचा देवळालीला, रणगाड्यांचा नगरला. इन्फंट्रीच्या मुलांना कमांडो कोर्ससाठी बहुधा बेळगावातच यावं लागतं. ते दुकानात येतात तेव्हा वजन चार-पाच किलोनं उतरलेलं असतं आणि आधी शिवलेली पॅन्ट कमरेत सैल होते. म्हणून माप आम्ही मुलाचंच घेतो. जुना शर्ट पाठवून किंवा फोनवर इंच सांगून घेत नाही.

ऑर्डर देताना पोस्टिंगच्या पत्राची प्रत आणि ओळखपत्र दाखवावं. निम्मी रक्कम आगाऊ, एक ट्रायल, आठ दिवसांत काम. तुरा, बॅज, नेमप्लेट परत घेतली जात नाही. काकांच्या त्या हिरव्या-लाल तुऱ्याचं मात्र आम्ही ठरवलं आहे: येत्या बॅचमध्ये आपल्या भागातल्या ज्या पहिल्या मुलाच्या पत्रावर मराठाचं नाव असेल, तो त्याला विनामूल्य.