सॉफ्टवेअर सुसंगतता (ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना)

संगणकावरची ऑपरेटिंग सिस्टिम एका मोठ्या आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर नेली की आधीचे प्रोग्रॅम, ड्रायव्हर (प्रिंटर-स्कॅनरसारखी उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्रॅम), फॉन्ट आणि फाइली पूर्वीसारख्या चालतील का, हा सुसंगततेचा प्रश्न. बोलताना सगळे ‘कम्पॅटिबिलिटी’च म्हणतात. दर महिन्याच्या सुरक्षा-दुरुस्त्यांत तो क्वचित उद्भवतो. विंडोजच्या एक्सपीवरून व्हिस्टा किंवा मॅकच्या मोहावीवरून कॅटालिना अशा उडीत मात्र तो हमखास समोर येतो.

प्रोग्रॅम सगळे काही स्वतः करत नाही. फाइल उघडून दे, मेमरी दे, छापून दे, असे सिस्टिमला सांगत राहतो. या मागण्या कशा करायच्या ते कागदोपत्री ठरलेले असते आणि तेवढे पाळणारा प्रोग्रॅम बहुधा तरून जातो. पण प्रोग्रॅम लिहिणारे कागदावर नसलेल्या गोष्टींवरही विसंबतात, कित्येकदा नकळत. सिमसिटी या खेळाची गोष्ट संगणकक्षेत्रात प्रसिद्ध आहे. हा खेळ मेमरीचा तुकडा परत केल्यावरही त्यात डोकावून वाचत असे. जुन्या विंडोजमध्ये ती जागा लगेच दुसऱ्याला मिळत नसे, त्यामुळे हे खपून गेले. विंडोज ९५ मध्ये खपेना. तेव्हा मायक्रोसॉफ्टने सिमसिटी चालू असल्याचे ओळखून त्याच्यापुरती मेमरी वेगळ्या रीतीने वाटण्याची सोय विंडोजमध्येच करून ठेवली. चूक खेळाची होती, पण गिऱ्हाइकाने बोल विंडोजलाच लावला असता.

आवृत्तीच्या नुसत्या आकड्यानेही घोटाळे झाले आहेत. व्हिस्टाचा अंतर्गत क्रमांक ६.०, पुढच्या विंडोज ७ चा क्रमांक ७ नव्हे, तर ६.१ ठेवला गेला, कारण पहिला आकडा बदलला की अडून बसणारे प्रोग्रॅम पुष्कळ होते. २०११ मध्ये लिनक्स कर्नल (लिनक्स सिस्टिमचा गाभा) २.६ वरून ३.० वर गेला, तेव्हा ‘२.६’ शोधणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांना २.६.४० असा क्रमांक दाखवण्याची पळवाट लवकरच करावी लागली. अॅपलची बिग सर ही आवृत्ती ११ असूनही जुन्या प्रोग्रॅमांना ती स्वतःला १०.१६ म्हणवते. सिस्टिमने जुन्या मंडळींशी सोयीस्कर खोटे बोलणे हा या कारागिरीतला मान्य डाव आहे.

२००७ च्या जानेवारीत बाजारात आलेल्या व्हिस्टाची बदनामी झाली ती बरीचशी सुसंगततेपायी. एक्सपीवर घरोघरी लोक अॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच, म्हणजे सगळे हक्क हाती घेऊन, काम करत, आणि प्रोग्रॅमही आपला डेटा बेधडक ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या सामाईक फोल्डरमध्ये लिहीत. व्हिस्टाने ते बंद केले. पण जुने प्रोग्रॅम कोसळू नयेत म्हणून असे लिखाण गुपचूप वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरकडे वळवले. परिणाम मजेशीर होता. एकाच मशीनवर दोघे जण आपापल्या लॉगिनने हिशेबाचा तोच जुना प्रोग्रॅम उघडत आणि दोघांना वेगवेगळ्या नोंदी दिसत. प्रोग्रॅमच्या मूळ फोल्डरमध्ये पाहावे, तर तिथे जुनीच फाइल. डेटा गेलेला नसे. तो दोन ठिकाणी वाढत असे.

६४-बिट विंडोजने (बिटचा आकडा म्हणजे प्रोसेसर एका वेळी किती मोठी संख्या हाताळतो ते) आणखी दोन दारे लावून घेतली. १६-बिट प्रोग्रॅम तिथे मुळीच चालत नाहीत. गंमत अशी की अनेक प्रोग्रॅम स्वतः ३२-बिट असत, फक्त त्यांचा इन्स्टॉलर, म्हणजे प्रोग्रॅम संगणकावर बसवून देणारा भाग, १६-बिटचा असे. म्हणजे आत राहायला हरकत नाही, पण उंबरठा ओलांडता येत नाही. दुसरे म्हणजे, व्हिस्टाच्या ६४-बिट आवृत्तीपासून कर्नलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल सही, म्हणजे तो कोणी बनवला याची खातरी देणारी खूण, सक्तीची झाली. कंपनीने नवा ड्रायव्हर काढलाच नाही, तर धडधाकट स्कॅनरही अडगळीत जातो. अपडेटआधी लोक वर्ड चालेल का, फोटोशॉप चालेल का ते पाहतात. अडते बहुधा ड्रायव्हर, इन्स्टॉलर, डोंगल (संगणकाला जोडायचे सॉफ्टवेअरचे कुलूप) आणि फॉन्ट यांपाशी, म्हणजे ज्यांना कोणी सॉफ्टवेअर समजतच नाही त्यांच्यापाशी.

कंपन्यांचे स्वभावही निराळे. मायक्रोसॉफ्ट जुने ओझे शक्य तितके वाहते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा लिनक्स कर्नलपुरता दंडक कडक आहे: कर्नल बदलल्याने वापरकर्त्याचा चालता प्रोग्रॅम बंद पडता कामा नये. अॅपल मात्र पूल बांधते, काही वर्षे ठेवते आणि मग पाडते. पॉवरपीसी प्रोसेसरसाठीचे प्रोग्रॅम इंटेल मॅकवर चालवणारा रोझेटा हा अनुवादक २००६ मध्ये आला आणि २०११ च्या लायन या मॅकच्या आवृत्तीत गेला. ३२-बिट प्रोग्रॅमांबद्दलच्या सूचना २०१८ पासून पडद्यावर झळकत होत्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅटालिनाने त्यांचा आधार काढला. सूचनेवर ‘ओके’ दाबून पुढे जाणाऱ्यांना त्या दिवशीच तिचा अर्थ कळला.

मराठीपुरता हा प्रश्न सर्वांत जास्त भोवला तो डीटीपीवाल्यांना, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवणाऱ्यांना. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण छपाईचे काम पेजमेकर या प्रोग्रॅमवर चाले आणि पेजमेकरला युनिकोड कळत नसे. म्हणून श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या खणांत देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: कुठे काना, कुठे अर्धा श, कुठे रफार. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. फॉन्ट बदलला की पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे.

या व्यवस्थेला सिस्टिम बदलणे सोसत नाही, आणि का ते एका खणावरून कळते. क्रमांक १७३ हा खण प्रमाणानुसार ‘मऊ संयोगचिन्हा’चा, म्हणजे ओळ तुटली तरच दिसणाऱ्या आडव्या रेघेचा. फॉन्ट बनवणाऱ्याने तिथे एखादी मात्रा ठेवली असेल, तर जुना प्रोग्रॅम ती मुकाट्याने काढून दाखवतो. नवा, नियम पाळणारा प्रोग्रॅम ते चिन्ह लपवतो. फाइल तीच, फॉन्ट तोच, आणि पानातली तेवढी मात्रा गायब. प्रुफे वाचणाऱ्याला वाटते ऑपरेटर चुकला.

त्यात डोंगल. चोरी रोखण्यासाठी बरीच भारतीय भाषांची सॉफ्टवेअर संगणकाला जोडायच्या छोट्या कुलपासह विकली जात, आधी पॅरलल पोर्टचे (प्रिंटर जोडायच्या जुन्या रुंद खाचेचे), पुढे यूएसबीचे. डोंगल ओळखायला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हरला सही हवी, आणि नव्या मशीनला पॅरलल पोर्टच नसतो. विकत घेतलेले, बिल असलेले सॉफ्टवेअर कुलपापायी बंद. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ मधली; मॅकच्या ‘मॅक ओएस टेन’ या सिस्टिमसाठी ती कधी नव्याने बांधलीच गेली नाही.

युनिकोडकडे गेलेल्यांचीही सुरुवात सुखाची नव्हती. एक्सपीमध्ये देवनागरीसाठी कंट्रोल पॅनेलमधून वेगळ्या फाइली टाकाव्या लागत. नाही टाकल्या तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे. व्हिस्टापासून ही सोय आपोआप मिळू लागली. ‘सुऱ्या’मधला अर्धा र मात्र दोन प्रकारे साठवता येतो: ऱ ला हलन्त जोडून, किंवा साध्या र च्या हलन्तापुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे. नव्या कीबोर्डने टाइप केलेला शब्द जुन्या फाइलीत शोधला आणि सापडला नाही, तर आधी इथे पाहावे.

उपाय मर्यादित आहेत. विंडोजच्या ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ने आकड्यांची आणि हक्कांची भांडणे मिटतात, ड्रायव्हरची नाहीत. विंडोज ७ प्रोफेशनलवर ‘एक्सपी मोड’ म्हणजे पोटात अख्खा एक्सपी टाकता येई. आज तेच काम व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक, करते. विंडोज १० आणि ११ मध्ये अपडेटनंतर मागे फिरायला साधारण १० दिवस मिळतात, त्यानंतर जुन्या सिस्टिमचे फोल्डर पुसले जाते. महिनाअखेरीसच लागणारा प्रोग्रॅम चालत नाही हे कळेपर्यंत मुदत संपलेली असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागून हाच प्रश्न मशीनपर्यंत नेला.

छापखान्यात शेवटी वेगळाच तोडगा रुळला. एका कोपऱ्यात एक्सपीचे जुने मशीन, मागे डोंगल, नेटची वायर काढलेली. काम पेन ड्राइव्हवरून येते आणि पीडीएफ होऊन जाते. एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. मशीनवर चिकटपट्टीने कागद लावलेला असतो: ‘फॉरमॅट मारू नये’.