रात्रीचा खोकला आणि न सापडणारा जंत

लालबागच्या चाळीत माझा मामा रात्री दोनच्या सुमाराला उठून बसायचा आणि खोकायचा. दिवसा माणूस ठीक, गिरणीची पाळी चुकवायचा नाही. रात्र झाली की छातीतून शिट्टीसारखा आवाज, बारीक ताप, अन्नावरची वासना गेलेली. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत बाजरीच्या दाण्यांसारखे ठिपके दिसले. टीबी, असं सांगण्यात आलं. चार महिने टीबीची औषधं झाली, मामीने त्याचं ताट-तांब्या वेगळं केलं, आणि खोकला होता तिथेच राहिला.

शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताचा जुना रिपोर्ट पुन्हा उघडला. त्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मोजलेल्या होत्या. निरोगी माणसात त्या एका घन मिलिमीटरला ५०० च्या आत असतात. मामाच्या ८,००० च्या वर होत्या. आकडा कागदावर होताच, कुणी वाचला नव्हता.

या आजाराचं नाव ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया. त्याचा शोध मला फार मोलाचा वाटतो, कारण इथे औषध आधी सापडलं आणि कारण बऱ्याच वर्षांनी. १९४० साली आजच्या आंध्रातल्या मदनपल्लीजवळच्या क्षयरोग आरोग्यधामात फ्रिमोट-मोलर आणि बार्टन या डॉक्टरांनी टीबीसारखे दिसणारे, पण टीबी नसलेले रुग्ण वेगळे काढून त्यांच्याबद्दल लिहिलं. क्षयरोग्यांनी भरलेल्या जागेत ‘हा क्षय नाही’ असं म्हणायला नजर लागते. १९४३ मध्ये वाइनगार्टन या डॉक्टरांनी असे ८१ रुग्ण नोंदवले आणि आजाराला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव दिलं. त्यांच्या एका रुग्णाला सिफिलिस, म्हणजे आपल्याकडची गरमीही होती. त्या गरमीसाठी सोमलापासून, म्हणजे आर्सेनिकपासून बनवलेलं इंजेक्शन दिलं, तर खोकलाच थांबला! मग इतरांनाही तेच देऊ लागले. पण सोमल तो सोमलच. त्याचे दुष्परिणाम सोसावे लागत.

१९४७ मध्ये अमेरिकेत, भीमावरमला जन्मलेल्या यल्लप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली चाललेल्या संशोधनातून हत्तीरोगाच्या जंतांवरचं एक औषध पुढे आलं. डायइथिलकार्बामाझिन, आपल्या ओळखीचं हेट्राझन. पुढच्या दशकात ते या खोकल्यावरही लागू पडतं हे दिसलं. सिंगापुरात दनराज या डॉक्टरांनी त्यावर पुष्कळ काम केलं. जंतांचं औषध जर खोकला बरा करत असेल, तर छातीत जंत असले पाहिजेत. पण रुग्णांच्या रक्तात ते काही केल्या दिसेनात.

हत्तीरोगाच्या जंताची मादी लसिकावाहिन्यांमध्ये, म्हणजे लसिका हा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये राहते आणि पाव मिलिमीटर लांबीची असंख्य पिल्लं रक्तात सोडते. ही पिल्लं दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि मध्यरात्रीच्या आसपास हातापायांच्या रक्तात उतरतात. हा जंत पसरवणारा क्युलेक्स डास चावतो तोही रात्रीच. म्हणून हत्तीरोगाच्या पाहणीत रक्त रात्री घेतात. मात्र मामासारख्या रुग्णाचं रक्त मध्यरात्री घेतलं तरी तपासणीची काच कोरीच निघते.

उत्तर १९६० साली वेल्लोरहून आलं. वेब, जॉब आणि गॉल्ट यांनी रुग्णांच्या फुप्फुसांचे, यकृताचे, लसिकाग्रंथींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तिथे पिल्लं सापडली, तुटलेली, विरत चाललेली, आणि भोवती इओसिनोफिलचा गराडा. जंताची लागण झालेल्या बहुतेकांचं शरीर ही पिल्लं मुकाट्याने खपवून घेतं. शंभरात एखाद्याचं, किंवा त्याहूनही कमी जणांचं, शरीर मात्र त्यांच्यावर तुटून पडतं. प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) पिल्लांना चिकटतात, इओसिनोफिल आपल्या कणांमधली विषारी प्रथिनं त्यांच्यावर ओततात, आणि पिल्लं फुप्फुसातच संपतात. रक्तात पोचणार कुठून? ही प्रथिनं फुप्फुसालाही भाजून काढतात. खोकला जंताने कमी आणि या लढाईने जास्त येतो. ती वर्षानुवर्षं चालली तर फुप्फुसात कायमचे व्रण पडतात, आणि तिथे मग हेट्राझनही फारसं काही करू शकत नाही.

क्युलेक्सला घाण पाणी मानवतं. तुंबलेली गटारं, उघड्या शौचटाक्या. मुंबईत त्याची वानवा नाही, आणि इथे येणारी माणसं विदर्भातून, बिहारमधून, उत्तर प्रदेशातून, म्हणजे हत्तीरोगाच्या पट्ट्यांतूनच येतात. लागण कुठे झाली हे बहुधा कळत नाही. मामाचंही कळलं नाही. त्याला तीन आठवडे गोळ्या दिल्या. आठवड्याभरात तो रात्री सलग झोपू लागला, आणि मामीने ताट परत मांडणीत ठेवलं.

काही जणांना हा आजार पुन्हा गाठतो. मामाला तीन वर्षांनी परत तोच खोकला लागला. तेव्हा तो एक्स-रेच्या रांगेत उभा राहिला नाही. आधी रक्त द्यायला गेला, आणि रिपोर्ट हातात पडताच इओसिनोफिलचा आकडा स्वतः शोधून डॉक्टरांपुढे बोट ठेवून दाखवला.