मोजत राहिलं की तापतं

'आपण जिकडे लक्ष देतो तसं वास्तव घडतं, हे क्वांटम विज्ञानानं सिद्ध केलंय,' असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. खाली बहुतेक वेळा कुठल्यातरी शिबिराची फी. मोजमापानं अणूची अवस्था बदलते, एवढं खरं. मोजणाऱ्याच्या मर्जीनं बदलते, हे साफ खोटं.

दोनच ऊर्जापातळ्या असलेले अणू घ्या, सगळे खालच्या पातळीवर. रेडिओ लहरींचा असा ठोका द्या की प्रत्येकाची अवस्था 60 अंशांनी वळेल. तीन ठोक्यांत 180 अंश, म्हणजे सगळे वर. सहा ठोक्यांत पुन्हा सगळे खाली. हे चक्र असंच चालू राहील, समतोल येणारच नाही.

आता प्रत्येक ठोक्यानंतर मोजा. 60 अंश वळलेला अणू वर सापडण्याची शक्यता पाव. म्हणून 75 टक्के खाली, 25 टक्के वर. खरी गंमत पुढेच आहे. मोजल्यावर अणू एकतर खाली असतो नाहीतर वर. मधला कोन पुसला जातो. पुढच्या ठोक्याला खालचे पाव वर जातात, वरचे पाव खाली येतात. खाली उरतात 62.5 टक्के, मग 56.25. पन्नासपासूनचं अंतर दरवेळी निम्मं, कारण 60 अंशांची कोज्या अर्धी. सुरुवात कशीही करा, शेवट निम्मे-निम्मे. कुठल्या पातळीवर किती अणू आहेत यावरून तापमान सांगणाऱ्या बोल्ट्झमनच्या सूत्रात दोन्ही पातळ्या सारख्या भरल्या की तापमान अनंत! ऊर्जा अर्थात लहरी आणि मोजणारं यंत्र पुरवतात.

कोन बारीक केला तर? बैद्यनाथ मिश्रा आणि ई. सी. जी. सुदर्शन (सुदर्शन तरुणपणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते) यांनी 1977 मध्ये दाखवलं, की फार वरचेवर मोजलं तर बदल जवळपास थिजतो. हाच क्वांटम झेनो परिणाम. 1990 मध्ये अमेरिकेत बोल्डरला भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड वाइनलँड यांच्या गटानं सुमारे 5000 बेरिलियम आयनांवर तो तपासला. एरवी सगळे आयन वर नेणाऱ्या लहरींच्या काळात 64 वेळा मोजलं, तर सूत्रानुसार 4 टक्केही वर जायला नकोत. प्रयोगाचा कौल तोच. मोजत होते अतिनील लेझरचे झोत. त्यांना कसली आलीय इच्छाशक्ती?

आणि थिजणंही कायमचं नाही. 180 अंशांच्या 64व्या भागाएवढ्या त्या बारीक कोनानं मोजत राहिलात, तर पन्नासपासूनचं अंतर निम्मं व्हायला साधारण 575 मोजमापं लागतात, इतकंच.