अणुचाचण्यांचा किरणोत्सारी अवपात आणि आरोग्य

वातावरणात केलेल्या अण्वस्त्र-चाचण्यांत उडालेली किरणोत्सारी द्रव्ये धूळ आणि पावसाबरोबर पुन्हा जमिनीवर, पाण्यावर व पिकांवर उतरतात. यालाच किरणोत्सारी अवपात किंवा फॉलआउट म्हणतात. १९४५ ते १९८० या काळात अशा पाचशेहून अधिक चाचण्या झाल्या. शेवटची चाचणी चीनने ऑक्टोबर १९८० मध्ये लोपनूर येथे केली. पोखरणच्या चाचण्या भूमिगत असल्याने त्या या गणतीत येत नाहीत.

जड कण स्फोटस्थळाजवळ काही तासांतच खाली बसतात. १ मार्च १९५४ रोजी प्रशांत महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपावर झालेल्या ‘कॅसल ब्राव्हो’ या १५ मेगाटनच्या स्फोटानंतर जवळच्या राँगेलॅप बेटांच्या रहिवाशांवर आणि एका जपानी मासेमारी नौकेच्या २३ खलाशांवर अशीच राख पडली, आणि त्यांना किरणोत्साराचे तीव्र आजार झाले. बारीक कणांची गोष्ट वेगळी. मोठा स्फोट त्यांना स्थितांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात ढकलतो, तिथे ते महिनोन्महिने, कधी वर्षाहून अधिक काळ तरंगतात आणि मग हजारो किलोमीटरवर थोडे थोडे उतरत राहतात. बहुतेक चाचण्या उत्तर गोलार्धात झाल्या, त्यामुळे अवपातही तिथेच जास्त पडला. थोडा थोडा किरणोत्सार आरोग्याला किती घातक, हा अल्प मात्रेचा प्रश्न आहे तो या दूरवरच्या अवपाताचा.

शरीराला ही द्रव्ये ओळखता येत नाहीत. स्ट्राँशियम-९० कॅल्शियमसारखे वागते आणि हाडांत बसते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे २९ वर्षे. सीझियम-१३७ पोटॅशियमच्या वाटेने स्नायूंत जाते. आर्क्टिक प्रदेशात दगडफूल थेट हवेतून सीझियम शोषते, ते रेनडिअर खातात आणि रेनडिअरचे मांस माणसे खातात. त्यामुळे चाचणीस्थळांपासून दूर असूनही उत्तर युरोपातील रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या शरीरात सीझियम बरेच जास्त आढळले.

सर्वांत घातक मात्र आयोडीन-१३१ ठरले, आणि तेही अर्धायुष्य जेमतेम ८ दिवसांचे असताना. गवतावर पडलेले आयोडीन गाईच्या पोटातून एक-दोन दिवसांत दुधात उतरते. मूल मोठ्यांपेक्षा दूध जास्त पिते, त्याची थायरॉइड ग्रंथी लहान असते, म्हणून तेवढ्याच आयोडीनची मात्रा तिच्यावर कितीतरी अधिक पडते. ताज्या दुधाऐवजी साठवलेली दूधभुकटी वापरली असती, तर हा धोका बराच टळला असता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९७ मध्ये नेवाडातील चाचण्यांच्या आयोडीनचा हिशेब मांडला. त्यावरून थायरॉइड कर्करोगाच्या वाढीव रुग्णांचा अंदाज ११ हजार ते २ लाख १२ हजार असा निघाला. पल्ला एवढा रुंद का, हे पुढे कळेल.

चाचण्यांमुळे जगातल्या माणसाला मिळालेली सरासरी वार्षिक मात्रा १९६३ मध्ये सर्वाधिक, म्हणजे सुमारे ०.११ मिलिसीव्हर्ट (किरणोत्साराची मात्रा मोजण्याचे एकक) होती. निसर्गातूनच दरवर्षी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. या तुलनेने बऱ्याच जणांचे समाधान होते, पण ती फसवी आहे. सरासरीत नेवाडाशेजारच्या युटामधले दूध पिणारे मूल दिसत नाही.

अल्प मात्रेचा धोका थेट मोजता येत नाही, म्हणूनच थायरॉइड कर्करोगाच्या अंदाजाचा पल्ला एवढा रुंद. हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्यांच्या अभ्यासातून मोठ्या मात्रांचे परिणाम कळतात, आणि तीच रेषा खाली शून्यापर्यंत ओढली जाते: मात्रा निम्मी, तर धोकाही निम्मा. अमेरिकी विज्ञान अकादमीच्या २००६ च्या अहवालानुसार १०० जणांना प्रत्येकी १०० मिलिसीव्हर्ट मिळाले, तर आयुष्यभरात कर्करोगाचा साधारण एक जादा रुग्ण होईल; एरवीही त्यांतल्या ४२ जणांना कर्करोग होतोच. याहून कमी मात्रेचे परिणाम या नेहमीच्या आकड्यांत बुडून जातात. केरळमधील करुनागप्पल्लीच्या मोनाझाइट वाळूमुळे तिथे नैसर्गिक किरणोत्सार कित्येक पट आहे, तरी २००९ च्या अभ्यासात कर्करोग वाढलेला आढळला नाही. अवपात निरुपद्रवी होता हे सांगण्यासाठी हा दाखला हमखास पुढे केला जातो. पण वर्षानुवर्षे बाहेरून हळूहळू मिळणारी मात्रा वेगळी आणि काही आठवड्यांत बालकाच्या ग्रंथीत साठलेले आयोडीन वेगळे.

ब्राव्होनंतर महिन्याभरातच, २ एप्रिल १९५४ रोजी, नेहरूंनी चाचण्या थांबवण्याच्या कराराची मागणी केली होती. १९५८ च्या अखेरीपासून अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरामध्ये मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतले स्ट्राँशियम मोजले जाऊ लागले. आकडेवारीपेक्षा हे दातच आईबापांच्या मनाला जास्त भिडले असणार. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत, भूमिगत सोडून बाकी चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या आंशिक चाचणीबंदी करारावर सह्या झाल्या आणि त्यानंतर अवपात झपाट्याने घटला. फ्रान्स आणि चीनने मात्र हवेतल्या चाचण्या सुरूच ठेवल्या.

एखाद्याचा कर्करोग अवपातामुळेच झाला, हे कोणताही डॉक्टर सिद्ध करू शकत नाही. म्हणून अमेरिकेच्या १९९० च्या भरपाई कायद्याने तसा पुरावा मागितलाच नाही. नेवाडाच्या वाऱ्याच्या दिशेला असलेल्या ठरावीक परगण्यांत ठरावीक काळात वास्तव्य आणि ठरावीक आजारांपैकी एक, एवढ्यावर ५० हजार डॉलर देण्याची तरतूद त्यात होती.