कुतूहल कपाट, घरगुती

निसर्गातल्या आणि माणसाने घडवलेल्या नवलाच्या वस्तू लहान लहान खणांत, चिठ्ठीसह मांडून ठेवलेली पेटी म्हणजे कुतूहल कपाट. नागपूरकराला ही कल्पना दोन शब्दांत समजते : घरातला अजब बंगला. सिव्हिल लाइन्समधले मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली सुरू झाले आणि लोकांनी त्याला ‘अजब बंगला’ हे नाव दिले. ते सरकारी नावापेक्षा नेमके आहे.

युरोपात सोळाव्या शतकात अशा संग्रहांना अख्खी खोली लागे. जर्मन भाषेत तिला ‘वुंडरकामर’, म्हणजे नवलाची खोली, म्हणत. नेपल्सच्या फेरांते इंपेरातो या औषधविक्रेत्याच्या संग्रहाचे १५९९ सालचे चित्र प्रसिद्ध आहे. त्यात छताला मगर टांगलेली दिसते. कोपनहेगनचे वैद्य ओले वुर्म यांनी १६३८ मध्ये दाखवून दिले, की एकशिंगी घोड्याचे म्हणून मिरवले जाणारे शिंग हा खरे तर नारव्हाल या सागरी प्राण्याचा दात आहे. अशा संग्रहांतूनच पुढे संग्रहालये निघाली. लंडनचे वैद्य हान्स स्लोन यांच्या संग्रहावर उभे राहिलेले ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

नागपुरात या वृत्तीचा माणूस म्हणजे स्टीफन हिस्लॉप. या स्कॉटिश मिशनऱ्याने टाकळी परिसरातल्या थरांतून गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म वेचले आणि १८६० मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णने छापली. टाकळघाटची शिळावर्तुळे, म्हणजे गोल मांडलेल्या दगडांची प्राचीन दफनस्थळे, पाहून परतताना, १८६३ साली, पुराच्या नाल्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या वेचण्याला मोल आले ते नोंदीमुळे. कोठे, केव्हा, कोणत्या थरात सापडले हे लिहिले नसते, तर ते खडे नाल्यातल्या इतर खड्यांसारखेच राहिले असते. घरच्या पेटीलाही हेच लागू आहे. वस्तू साधी चालेल, चिठ्ठी मोघम चालणार नाही.

पेटीसाठी उत्तम साधन म्हणजे बंद पडलेल्या छापखान्यातली खिळ्यांची केस, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे ठेवायची खणाखणांची पेटी. देवनागरीला जोडाक्षरांमुळे खण जास्त लागत, त्यामुळे जागा भरपूर मिळते. ती भंगारात सापडली नाही तर मिठाईच्या खोक्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या खाचा पाडून एकमेकींत अडकवाव्यात. खण काड्यापेटीएवढा असला की पुरे. मोठा खण केला की घरातली अडगळ त्यात शिरते. वर काच हवी.

भरण्याजोगे नागपूरच्या आसपास इतके आहे, की निवड करणे हेच अवघड. दख्खनच्या काळ्या खडकाची पूर्व कड याच भागात येते. म्हणून सीताबर्डीच्या टेकडीसारखा काळा दगड आणि पूर्वेकडचा चकचकीत अभ्रकाचा दगड शेजारी ठेवता येतात. मनसरकडचे मँगनीज, उमरेडचा कोळसा, कन्हानचा गोटा. गुंजांना वेगळा खण द्यावा : आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे सराफी कोष्टक त्यांच्यावरच उभे होते. सागरगोटा, मोहाची बी, बहाव्याच्या शेंगेचा तुकडा. मग १९४३ नंतरचा भोकाचा पैसा, पुठ्ठ्याचे रेल्वे तिकीट, आणि तान्ह्या पोळ्याचा बोटभर लाकडी बैल. ज्या पोराने तो ओढत दारोदार बोजारा, म्हणजे सणाची भेट, मागितला, त्याचे नाव आणि साल चिठ्ठीवर आलेच पाहिजे.

काही गोष्टी आणू नयेत. पेंच-ताडोबातून पिसे, शिंगे, साळिंदराचे काटे उचलणे गुन्हा आहे. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे संरक्षित आहेत. तिथला खडाही जागचा हलवू नये.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. शाई पावसाळ्यात फुटते. वस्तूला क्रमांक आणि तोच क्रमांक वहीत, अशी दुहेरी नोंद ठेवावी. नागपूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असली तरी कूलरच्या झोतासमोर पेटी ठेवू नये. ओलाव्याने बियांना बुरशी धरते. बिया आधी आठवडाभर सावलीत वाळवाव्यात, खणात कापराची वडी ठेवावी. गुंज चावली गेली तर विषारी, म्हणून घरात लहान मूल असल्यास काच पक्की बसवावी. बिब्बा छोट्या बाटलीतच ठेवावा. त्याचे तेल कातडीला लागले की फोड येतात आणि कपड्यावरचा डाग धुतल्याने जात नाही. म्हणूनच धोबी गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर खूण करायला तेच वापरत.